सुदानवरचे ढग

ऑगस्टमध्ये नागपुरात झड लागली, दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस ओले राहू लागले, की माझा एक रिकामटेकडा उद्योग सुरू होतो. मी मोबाइलवर सुदानवरचे ढग पाहत बसते. डोक्यावर एवढं आभाळ गळत असताना बाई सुदानचं काय घेऊन बसली, असं घरच्यांनी विचारून झालं आहे. उत्तर एका वाक्यात मावत नाही, म्हणून हा लेख.

उपग्रहाचं चलच्चित्र लावावं. तिकडची दुपार कलली की इथिओपियाच्या पठारावर आणि पश्चिमेला सुदानातल्या दारफूरच्या डोंगरांवर पांढरे ठिपके उमटायला लागतात. संध्याकाळपर्यंत ते फुगतात, एकमेकांत शिरतात, आणि रात्री त्यांचा एक भलामोठा पांढरा चट्टा होऊन पश्चिमेकडे सरकू लागतो. सकाळी पाहावं तर बहुतेक चट्टे विरलेले असतात. ढग जातात, पण वाऱ्याच्या वाटेला पडलेला वाक राहतो. दुसऱ्या दुपारी त्या वाकाजवळ पुन्हा ढग उठतात, पुन्हा पुढे सरकतात. आठवडाभर असं चालत चालत हे प्रकरण सेनेगलच्या किनाऱ्यावर, डाकारपाशी समुद्राला भिडतं. अमेरिकेतल्या लोकांची झोप उडवणाऱ्या हरिकेनची, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळाची, बातमी सप्टेंबरमध्ये टीव्हीवर येते, तेव्हा त्यातल्या बऱ्याच वादळांचा जन्मदाखला असा कोरड्या जमिनीवर, समुद्रापासून हजारो किलोमीटर आत लिहिलेला असतो. मला, म्हणजे देशाच्या ऐन मध्यावर राहणाऱ्या आणि समुद्र फक्त सुटीत पाहणाऱ्या बाईला, ही गोष्ट फार आवडली.

हा वाक येतो कुठून? उन्हाळ्यात सहारा तापून लाल झालेला असतो आणि त्याच्या दक्षिणेला गिनीच्या आखाताकाठचा मुलूख हिरवा, ओला, त्या मानाने गार. म्हणजे उत्तरेला ऊन आणि दक्षिणेला गारवा, असा उलटा मामला. या तफावतीमुळे जमिनीपासून तीन-चार किलोमीटर उंचीवर, साधारण पंधरा अंश अक्षांशाच्या आसपास, पूर्वेकडून पश्चिमेकडे जोराचा वारा वाहतो. तो सरळ वाहत नाही. त्याला हेलकावे येतात, आणि डोंगरांवर उठणारे ढग त्या हेलकाव्यांना धक्का देत राहतात. एकेक हेलकावा दोन हजार किलोमीटरहून लांब. दर तीन-चार दिवसांनी एक निघतो. मे ते नोव्हेंबरपर्यंत मोजले तर साठेक होतात. हवामानवाले याला पूर्वेकडची लाट म्हणतात. लाट म्हणजे तीच हवा तिकडून इकडे आली असं मात्र नाही. पालखी पंढरपूरला पोहोचते तेव्हा वाटेत कितीतरी खांदे बदललेले असतात, तसंच हे. हवा वाटेत बदलत राहते, टिकून पुढे जातो तो वाक.

अटलांटिकमधल्या हरिकेनांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर, आणि त्याचा कळस 10 सप्टेंबरच्या आगेमागे. तिथे जन्मणाऱ्या साध्या वादळांपैकी निम्म्याहून जास्त, आणि खरोखर संहारक हरिकेनांपैकी तर शेकडा 85 या लाटांमधून निघतात. 2017 चं इर्मा आठवत असेल. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात त्याची लाट आफ्रिकेचा किनारा सोडून निघाली आणि 30 तारखेला केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेला तिचं नामकरणही होऊन गेलं. काही लाटा अख्खा अटलांटिक ओलांडून, मध्य अमेरिकेची चिंचोळी जमीन पार करून पॅसिफिकमध्ये जातात आणि तिथे वादळ होतात. म्हणजे मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळणाऱ्या एखाद्या वादळाची आजीसुद्धा सुदानची असू शकते.

हे सगळं माणसाला कळायला मात्र फार वेळ लागला. क्युबातल्या हवानामधले जेझुइट पाद्री बेनितो विन्येस यांनी 1875 मध्ये नुसत्या ढगांच्या चालीवरून हरिकेनचा इशारा दिला होता. आकाशात उंचावरचे पिसांसारखे ढग कुठल्या बिंदूतून फुटल्यासारखे दिसतात, यावरून ते वादळाचं केंद्र कुठे असेल ते ताडत. पण वादळ मुळात आलं कुठून, हे बेटावर उभं राहून दिसणं शक्यच नव्हतं. 1940 च्या सुमारास हवामानशास्त्रज्ञ गॉर्डन डन यांनी कॅरिबियन बेटांवरच्या हवेच्या दाबाची टिपणं एकापुढे एक मांडली तेव्हा त्यांना दाबातला चढउतार पूर्वेकडून पश्चिमेकडे बेटामागून बेट सरकताना दिसला. मग हर्बर्ट रील यांनी त्या लाटांची चण नीट उलगडून दाखवली. तरी बेटांच्या पूर्वेला नुसता समुद्र, माहिती देणार कोण? 1961 मध्ये टायरोस-3 या उपग्रहाने एस्थर नावाचं हरिकेन जहाजांच्या आधी टिपलं. 1974 च्या उन्हाळ्यात तर डाकारला तळ ठोकून चाळीसेक जहाजं आणि डझनभर विमानं घेऊन शास्त्रज्ञांनी या लाटांचा पिच्छा पुरवला. आता मी पलंगावर लोळत पाहते.

2000 साली अटलांटिकमध्ये अल्बर्टो नावाचं हरिकेन झालं. फार दिवस जगलं, समुद्रातल्या समुद्रात भलंमोठं वळण घेत भटकलं. त्याचा माग अभ्यासकांनी मागे मागे काढत नेला तो जुलैच्या अखेरीस इथिओपियाच्या पठारावर उठलेल्या एका मेघसमूहापर्यंत. तिथल्या कुणा शेतकऱ्याला त्या दुपारी जोराचा पाऊस लागला असेल, त्याने जनावरं गोठ्यात घेतली असतील. बस, एवढंच.

पण साठ लाटांतून वादळं होतात किती? अटलांटिकची सरासरी आहे वर्षाला नाव मिळालेली 14 वादळं, त्यातली 7 हरिकेन, आणि त्यातली 3 मोठी. ही चौदाही सगळी आफ्रिकेची नव्हेत. म्हणजे बहुतेक लाटा काहीही न करता मरतात. मला खरं तर त्यांचंच जास्त कौतुक. आपण उगमाबद्दल बोलताना जे झालं तेवढंच मागे वळून पाहतो. न झालेल्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही, आणि उगम म्हणजे काय ते समजायला तोच हिशेब कामी येतो.

वादळ व्हायला समुद्राचं पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर लागतं, आणि तेही नुसतं वरवर नाही, पन्नासेक मीटर खोलीपर्यंत. नाहीतर वारा पाणी ढवळतो, खालचं गार पाणी वर येतं आणि वादळ स्वतःच स्वतःची चूल विझवतं. मधल्या थरातली हवा ओली लागते. सहाऱ्यावरची धुळीने भरलेली कोरडी हवा लाटेच्या पोटात शिरली, की ढग उठता उठता बसतात. विषुववृत्तापासून थोडं अंतर लागतं, कारण अगदी वृत्तावर पृथ्वीच्या फिरण्याचा पीळ हवेला मिळत नाही. आणि सगळ्यात नाजूक अट म्हणजे खालचा वारा आणि वरचा वारा यांचं पटलं पाहिजे. खाली एक दिशा, वर भलतीच, असं झालं की ढगांचा मनोरा तिरपा होतो, डोकं एकीकडे, पाय दुसरीकडे. एल निनोच्या वर्षी, म्हणजे पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा तापतं तेव्हा, अटलांटिकवर नेमकं हेच होतं आणि हरिकेनं कमी होतात. आपल्याकडे एल निनो म्हटलं की पोटात गोळा येतो, तिकडे फ्लोरिडात सुटकेचा श्वास टाकतात. जगाचा न्याय असा आहे.

एवढ्या सगळ्या अटी जुळल्या तरी आधी काहीतरी बिघडलेलं लागतंच. शांत, तापलेल्या, ओल्या समुद्रातून आपोआप वादळ उभं राहत नाही. एखादी लाट, एखादा जुना भोवरा, कुणाचे तरी अवशेष, असं काही ना काही आयतं मिळावं लागतं. आणि ते आयतंही कशाचं तरी उरलेलं असतं.

माझी भाची अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टॅम्पाला असते. ऑक्टोबर 2024 मध्ये मिल्टन हरिकेन आलं तेव्हा तिचा फोन आला. गाडीत सामान भरून, पेट्रोलच्या रांगेतून सुटून ते उत्तरेकडे निघाले होते. "मावशी, तू आफ्रिकेकडचं पाहत असतेस ना, मग हे कुठून आलं गं एकदम? आठ दिवसांपूर्वी तर काहीच नव्हतं." तिचा प्रश्न रास्त होता. मिल्टन आफ्रिकेहून पायी पायी आलेलं नव्हतं. त्या दिवसांत मध्य अमेरिकेभोवती एक ऐसपैस, सुस्त भोवरा पसरलेला होता. त्यात पॅसिफिककडच्या एका विरलेल्या प्रणालीचे अवशेष मिसळले, आणि मेक्सिकोच्या आखाताच्या नैऋत्य कोपऱ्यात 5 ऑक्टोबरला वादळ उभं राहिलं. 7 तारखेला ते पाचव्या श्रेणीत, म्हणजे शेवटच्या पायरीवर. 9 तारखेच्या रात्री ते टॅम्पाच्या थोडं दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. त्या थोडक्यामुळे वाऱ्याची दिशा उलटी पडली आणि टॅम्पाच्या खाडीतलं पाणी शहरात घुसण्याऐवजी समुद्राकडे ओढलं गेलं. भाचीच्या घरावरची कौलं तेवढी उडाली. मी फोनवर तिला भोवऱ्याची गोष्ट सांगायला लागले तर म्हणाली, "ते राहू दे, आईला सांग आम्ही नीट पोचलो."

आपल्याकडे म्हणतात, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये. त्यात वादळ घालायला हरकत नाही, असं मला पुष्कळदा वाटतं. अमेरिकेच्या हरिकेन केंद्राच्या नकाशावर समुद्रात पिवळी, नारिंगी, लाल फुली मारलेली असते. पुढच्या सात दिवसांत इथे वादळ होण्याची शक्यता अमुक टक्के. पिवळ्याची नारिंगी होते, नारिंगीची लाल होते, मग एक दिवस नाव पडतं आणि बातम्यांत "वादळ तयार झालं" असं येतं. सरकारदरबारी जन्म तो. विमा, इशारे, शाळा बंद ठेवायच्या की नाहीत, सगळं त्या घटकेपासून. ती घटका नेमावीच लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण हवेला तिचा पत्ता नसतो. कॅटरिनाचंच पाहा. 2005 च्या ऑगस्टमध्ये अटलांटिकमध्ये एक प्रणाली उठली, तिला दहावा क्रमांक दिला, ती विस्कटली, खात्यातून तिचं नाव कमी केलं. तिचे अवशेष आणि मागून आलेली एक लाट बहामा बेटांपाशी एकत्र आले आणि कॅटरिना झालं. तिच्या जन्माची तारीख लावायची तर कुठून?

इथवर सगळं तिकडचं. पण माझ्या सुदानच्या नादाचं एक टोक आपल्याच डोक्यावर आहे.

पावसाळ्यात दक्षिण भारतावर, चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर, पूर्वेकडून पश्चिमेकडे एक प्रचंड वेगवान वारा वाहतो. ताशी शंभर किलोमीटरच्या वर सहज जातो. तिबेटचं पठार आणि उत्तर भारत तापलेला, हिंदी महासागर त्यापुढे गार. तीच उलटी तफावत, पण इथे ती पार वरपर्यंत. हा वारा पी. कोटेश्वरम यांनी 1950 च्या दशकात उजेडात आणला. पुढे ते भारतीय हवामान खात्याचे प्रमुखही झाले. बंगालच्या उपसागरावरून येऊन, आपला दक्षिणेकडचा भाग ओलांडून, अरबी समुद्रावरून हा वारा थेट आफ्रिकेपर्यंत जातो, इथिओपिया आणि सुदानच्या वरून. म्हणजे ऑगस्टच्या दुपारी दारफूरवर ढगांचे मनोरे उठतात तेव्हा त्यांच्या माथ्यावरून जो वारा जात असतो, त्याची सुरुवात आपल्या मान्सूनमध्ये आहे. इथे फार ताणायचा मोह होतो. आपल्या पावसामुळेच अमेरिकेत हरिकेनं होतात, असं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं तर दिवसभरात सगळ्या विदर्भात फिरेल. तसं नाही. या वाऱ्याचा आणि आफ्रिकेतल्या पावसाचा संबंध आहे, तो किती आणि कसा यावर जाणकारांचे वाद आहेत, आणि एका विशिष्ट लाटेचं श्रेय एका विशिष्ट झडीला देणं हा चक्क गावगप्पांचा प्रकार. पण हवा एकच आहे, एवढं तरी त्यातून मनावर ठसतं.

आणखी एक गंमत. हाच वरचा वारा आपल्याला जुलै-ऑगस्टमध्ये चक्रीवादळांपासून वाचवतो. खाली नैऋत्येचा मान्सून पश्चिमेकडून पूर्वेकडे, वर हा पूर्वेकडून पश्चिमेकडे. दोघांचं अजिबात पटत नाही. समुद्र तापलेला, हवा ओलीगच्च, सगळी सामग्री हजर, तरी त्या दोन महिन्यांत उपसागरात चक्रीवादळ क्वचितच होतं. आपली वादळं मान्सूनच्या आधी एप्रिल ते जूनमध्ये आणि नंतर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. मधल्या काळात होतात ती कमी दाबाची क्षेत्रं आणि त्यांच्याहून जोरकस पण चक्रीवादळाहून कमजोर अशी डिप्रेशनं. नाव नसतं, बातमी नसते. पण विदर्भाचं पोट त्यांच्यावर आहे. उपसागराच्या उत्तर टोकाला ती जन्मतात, ओडिशात चढतात आणि छत्तीसगड, मध्य प्रदेशावरून वायव्येकडे जातात. त्यांचा सगळ्यात मोठा पाऊस केंद्रात पडत नाही, केंद्राच्या नैऋत्येला पडतो. केंद्र जबलपूर-मंडल्याकडून चाललं असेल तर नैऋत्येला कोण येतं? आपण. नागपूरला धो धो पाऊस पडतो तेव्हा त्याचा धनी बहुधा दोन-तीनशे किलोमीटर लांबून चाललेला असतो.

काटोलला माझा चुलतभाऊ आहे, कास्तकार, संत्र्याचा बगीचा. त्याला जन्मदाखल्यात रस नाही. त्याचा फोन सप्टेंबर उलटला की येतो. "ताई, पाहून सांग न, ते बंगालचं कुठवर आलं तं?" मी म्हणते, बंगालचं नाही रे, ते थायलंडकडून आलं. तो म्हणतो, "कुठूनबी येऊ दे, काटोलले केव्हा येते ते सांग."

थायलंडचं मात्र खरं आहे. आपल्या उपसागरातल्या पुष्कळ कमी दाबांचं मूळ दक्षिण चीन समुद्रात किंवा त्याही पलीकडे असतं. पॅसिफिकमधलं टायफून, म्हणजे तिकडचं चक्रीवादळ, व्हिएतनामवर आदळतं, लाओस-थायलंडच्या डोंगरांत मोडून पडतं, तिकडच्या बातम्यांत संपतं. त्याचा उरलेला भोवरा म्यानमार ओलांडून उपसागरावर येतो आणि तिथे ऊबदार पाणी मिळालं की पुन्हा जीव धरतो. 29 ऑक्टोबर 1999 ला पारादीपला आदळून हजारो माणसं नेणारं ओडिशाचं महाचक्रीवादळ असंच थायलंडच्या आखाताच्या बाजूने आलेल्या गडबडीतून उभं राहिलं होतं. 12 ऑक्टोबर 2013 ला गोपाळपूरला आलेलं फायलिन तसंच. जानेवारी 2019 मधलं पाबुक थायलंडच्या आखातातून मलय द्वीपकल्प ओलांडून अंदमानच्या समुद्रात आलं, आणि वाटेत मोडलं नाही म्हणून लाओसने दिलेलं मूळ नाव त्याने आपल्या हद्दीतही तसंच ठेवलं. टिकलं तर नाव टिकतं, मोडून पुन्हा उभं राहिलं तर नवं नाव. माणसांच्या पुनर्जन्मालाही हाच नियम दिसतो.

या नियमाचा नमुना आपल्याच अंगणातून गेला आहे. 26 सप्टेंबर 2021 ला आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर गुलाब नावाचं चक्रीवादळ आलं. नाव पाकिस्तानने सुचवलेलं. किनाऱ्यावर चढलं, कमजोर होत गेलं, तेलंगण, विदर्भ, मराठवाडा असं पश्चिमेकडे निघालं. मराठवाड्यात त्याने जो धिंगाणा घातला तो तिथले लोक विसरलेले नाहीत. सोयाबीन कापणीला आलेलं आणि वावरात पाणी. पुढे ते गुजरातेत गेलं, आणि संपलं म्हणता म्हणता 30 तारखेला अरबी समुद्रात उतरलं. 1 ऑक्टोबरला त्याचं पुन्हा वादळ झालं. आता नाव शाहीन, कतारने दिलेलं. 3 तारखेला ते ओमानमध्ये शिरलं. ओमानच्या माणसाने विचारलं असतं की हे कुठून आलं, तर त्याला अरबी समुद्र दाखवायचा, की बंगालचा उपसागर, की मधली सगळी आपली काळी माती?

काळी माती मी उगाच म्हटलं नाही. पुस्तकात आपण शिकलो की वादळ जमिनीवर आलं की मरतं, कारण त्याचं पाणी तुटतं. बरोबर आहे. पण जमीनच पाण्याने तुडुंब भरलेली असेल तर? ऑगस्ट 2007 मध्ये एरिन नावाचं एक मरतुकडं वादळ टेक्ससच्या किनाऱ्यावर चढलं, आणि तीन दिवसांनी पार आत ओक्लाहोमात, समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर, पुन्हा जोर धरून चक्क डोळा उघडून बसलं. त्या वर्षी तिथे आधीच अमाप पाऊस झालेला होता. ओली, तापलेली माती वाफ देत होती आणि वादळाला समुद्राची उणीव भासली नाही. आपल्या मान्सूनमधली डिप्रेशनं जमिनीवर चार-पाच दिवस तगतात त्यामागेही हे एक कारण मानतात. छत्तीसगडपासून गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत धानाच्या बांध्या पाण्याने काठोकाठ असतात, त्यांच्यावरून ते खात-पीत येतं. हे मी चुलतभावाला सांगितलं तेव्हा तो जोरात हसला. "म्हणजे आमचंच पाणी पिऊन आमच्याच बोडक्यावर!"

28 ऑक्टोबर 2025. त्या रात्री मी दोन नकाशे उघडून बसले होते. जमैकात भर दुपार होती आणि मेलिसा हे हरिकेन किनाऱ्यावर चढत होतं, ताशी 295 किलोमीटरचे वारे घेऊन. ऑक्टोबरच्या मध्यावर अटलांटिक ओलांडून आलेल्या एका पूर्वेकडच्या लाटेतून ते झालं होतं, आफ्रिकेचंच. आणि त्याच रात्री आंध्रात नरसापूरजवळ मोंथा चढत होतं, ताशी शंभरेक किलोमीटरचं. त्याचं नाव थायलंडचं, एका सुवासिक फुलाचं. मेलिसापुढे मोंथा म्हणजे पोर. जगाच्या टीव्हीवर मोंथाला जागा नव्हती, आणि ते बरोबरच होतं. जमैकावर खरोखर आभाळ कोसळलं होतं. पण मोंथाचे अवशेष तेलंगण आणि छत्तीसगडकडून पूर्व विदर्भाच्या दिशेने आले. धान कापून कडपा वावरात पसरलेल्या, कापूस फुटलेला, आंबिया बहाराची संत्री झाडावर.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला काटोलला गेले. बगीच्यात शिरताना आधी वास येतो, आंबूस, थोडा दारूसारखा. झाडाखाली फळं पडलेली, बरीचशी हिरवीच, एखाद्या बाजूने पिवळी पडलेली. एक उचललं. वरून चांगलं दिसत होतं. देठाची चकती झाडावरच राहिलेली आणि तिच्या जागी नखाएवढा काळपट-तपकिरी डाग. अंगठ्याने दाबलं तर साल आत गेली, पाण्याने भरलेल्या फोडासारखी, आणि आतून मुंग्या निघाल्या. भाऊ म्हणाला, पडलेलं सोड, झाडावरचं पाहा. झाडावरच्या फळाला हात लावला तर ते हातातच आलं, ओढावं लागलं नाही. व्यापाऱ्याने ऑगस्टमध्ये बाग अंदाजावर ठरवून इसार दिलेला, आता त्याचा माणूस झाडामागून झाड फिरत होता आणि दर वेळी वही काढून काहीतरी खोडत होता. ठरलेला भाव उतरणार हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. भाऊ त्याच्याशी भांडला नाही. फवारणीचे डाग हातावर घेऊन बांधावर बसला आणि मला म्हणाला, "यंदा अजून एखादं हाय काय?"

मी म्हटलं, हंगाम डिसेंबरपर्यंत चालतो, सांगता येत नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस एक नव्हे, दोन आली. श्रीलंकेवर दितवा, ज्यात शेकडो माणसं गेली. आणि त्याच्या आगेमागेच सेन्यार, तेही कुठे, तर मलाक्काच्या सामुद्रधुनीत. एका बाजूला मलेशिया, दुसऱ्या बाजूला सुमात्रा, मध्ये पाण्याची चिंचोळी पट्टी, शिवाय विषुववृत्त जेमतेम पाच अंशांवर. पीळ मिळायला अंतर पुरेसं नाही, पसरायला समुद्र नाही. पुस्तकातल्या अटी एकेक काढून दाखवल्या तर ही जागा पहिल्याच फेरीत बाद व्हावी. तिथे वादळ जन्माला येणं अतिशय दुर्मीळ. तरी झालं, आणि सुमात्रा पुरात बुडाला. मी हौसेने भावाला फोन लावला. मलाक्का कुठे ते समजावलं, विषुववृत्ताचं सांगितलं, हे किती अपूर्व आहे ते सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. राहिलेल्या फळांना रंग चढायला रात्रीचा गारठा हवा असतो, आणि उपसागरात काहीही हललं की इकडे ढग येऊन गारठा मोडतो, हे त्याला माझ्यापेक्षा आधीपासून माहीत आहे.

"ताई, ते मलाक्काचं तिकडे राहू दे," तो म्हणाला. "इकडे आभाळ येते काय, तेवढं पाय. आठ दिवस थंडी भेटली तं तोडा चांगला निघन."